खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत पीएच खाली राहतोय? बाटली ओतण्याआधी हे तपासा

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हणजे समुद्राचे पाणी घरीच तयार करायचे. आरओचे पाणी, पाकिटातले सागरी मीठ आणि वाळू-दगड यांची जुळवाजुळव होते, टाकी भरते, तीन-चार आठवडे जातात, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) ७.७ च्या वर काही सरकत नाही. दुकानात विचारले की पीएच वाढवणारी बाटली हातात ठेवतात. ती आणायची घाई करू नका. नव्या टाकीत पीएच कमी येण्याचे कारण बहुतेक वेळा पाण्यात सापडतच नाही, ते खोलीतल्या हवेत असते. आणि ते शोधायला तासाभराचा वेळ, एक मोठा पेला आणि एक साधा एअर पंप पुरतो.

किती म्हणजे कमी?

मोकळ्या समुद्रात पृष्ठभागाजवळ पीएच ८.१ च्या आसपास असतो. घरच्या टाकीत ७.८ ते ८.४ च्या दरम्यान कुठेही असला तरी मासे मजेत राहतात. शिवाय तो दिवसभर एकाच आकड्यावर थांबत नाही. दिवे चालू असताना शेवाळ कार्बन डायऑक्साइड वापरते, पीएच चढतो. रात्री सगळेच जीव श्वास घेतात, वापरणारे कोणी नसते, पीएच उतरतो. ०.२ ते ०.३ चा हा चढउतार नेहमीचाच आहे. सगळ्यांत कमी आकडा पहाटे, दिवे लागण्याआधी मिळतो. सगळ्यांत जास्त संध्याकाळी, दिवे बंद होण्याच्या सुमारास.

म्हणून एका मोजणीवर काही ठरवू नका. सकाळी ७.८ आणि संध्याकाळी ८.१ येत असेल, तर टाकी ठीक आहे. हात लावायचे कारण नाही. सकाळी ७.७ च्या खाली आणि संध्याकाळीही ७.९ गाठत नसेल, तर पुढच्या पायऱ्या कराव्यात. ७.५ किंवा त्याहून कमी दिसले, तर त्याच दिवशी पाणी जोरात हलवायला लागा आणि कारण मागाहून शोधा.

एक धोक्याची सूचना आधीच. टाकी अजून सायकल होत असेल (म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू अजून पुरेसे वाढले नसतील), पाण्यात अमोनिया दिसत असेल आणि त्यातच मासे असतील, तर पीएच झटकन वर नेऊ नका. अमोनियाचा विषारी भाग पीएचसोबत वाढतो: ७.८ वर एकूण अमोनियाच्या सुमारे ३ टक्के विषारी रूपात असतो, ८.३ वर तोच भाग जवळजवळ तिप्पट होतो. अशा वेळी आधी पाणी बदलून अमोनिया कमी करा. पीएच वाढवण्याचे काम थांबू शकते.

आकडा कशामुळे ठरतो

खाऱ्या पाण्याचा पीएच मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, आणि त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. अल्कलिनिटी आपण डीकेएच या एककात मोजतो. समुद्रात ती साधारण ७ डीकेएच असते, टाकीत ७ ते ९ ठेवली की पुरते.

आता हिशेब पाहा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) आहे. ७ डीकेएचचे पाणी त्या हवेशी नीट मिसळले, तर पीएच ८.२ च्या जवळ येतो. बंद खोलीत चारजण बसलेले असतील, तर हवेतले प्रमाण सहज १००० च्या वर जाते, आणि त्याच पाण्याचा पीएच ७.८ ते ७.९ वर येतो. पाणी तेच, मीठ तेच, फक्त हवा बदलली. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की पीएच सुमारे ०.३ ने पडतो.

आणि अल्कलिनिटी वाढवून काय मिळते? ७ ची ८ डीकेएच केली, तर पीएच जेमतेम ०.०६ ने वाढतो. ७.८ चा ८.२ करायला अल्कलिनिटी अडीच पट, म्हणजे १७ डीकेएचच्या पुढे न्यावी लागेल. तिथवर जाण्याआधीच कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या भुकटीसारखे पडायला लागते, हीटर आणि पंपाच्या पात्यांवर कवच चढते, आणि पाण्यातले कॅल्शियमही घटते. बाटलीवाला उपाय बहुतेकांच्या टाकीत फसतो तो इथे: आज ओतले, पीएच वर गेला, खोलीतल्या हवेने दोन दिवसांत परत खाली आणला, मग पुन्हा ओतले. महिन्याभरात अल्कलिनिटी १४ आणि पीएच तरी हवा तिथे नाहीच.

पायरी १: आकडा खरा आहे का

रंग पाहून ठरवायच्या किटमध्ये ७.८ आणि ८.० यांतला फरक पिवळ्या दिव्याखाली ओळखणे कठीण. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर नळी धरून पाहा. गोड्या पाण्याच्या टाकीसाठी विकली जाणारी किट पुष्कळदा ७.६ पर्यंतच दाखवते. ती इथे उपयोगाची नाही.

पेनसारखा डिजिटल मीटर असेल, तर त्याला ७.०० आणि १०.०० अशा दोन बफर द्रावणांवर (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचा आकडा जुळवून घ्या. पुष्कळ मीटरसोबत ४.०० आणि ६.८६ च्या पुड्या येतात. आपले पाणी ८ च्या आसपासचे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी त्याला धरणारी जोडी हवी. १० चे बफर उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली घसरते, मग मीटर चुकीचे शिकतो. पुडी एकदा वापरली की टाकून द्या. टोकावरचा काचेचा फुगा, म्हणजे प्रोब, आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याने तो खराब होतो. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे साठवण द्रावण मिळते. प्रोबचे आयुष्य साधारण एक-दोन वर्षे. कॅलिब्रेट करूनही आकडा स्थिर होत नसेल, तर प्रोब संपला असे समजा.

मग एक आठवडा वहीत लिहा: सकाळचा पीएच, संध्याकाळचा पीएच, खिडकी उघडी की बंद, एसी की कूलर, घरात किती माणसे. ही शेवटची तीन खाती बहुतेक लोक गाळतात, आणि उत्तर नेमके तिथेच सापडते.

पायरी २: क्षारता आणि अल्कलिनिटी

पीएचच्या मागे लागण्याआधी क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) ३५ पीपीटी (हजार भागांत ३५), म्हणजे २५ अंश सेल्सियसला विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, आहे का ते पाहा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य करून वापरला, तर वरच्या टोकाला तो चुकू शकतो. ३५ पीपीटीच्या द्रावणावर कॅलिब्रेट करा. पाणी ३५ ऐवजी ३० पीपीटी असेल, तर अल्कलिनिटीही आपोआप सातवा हिस्सा कमी असणार. तिथे सोडा टाकण्यात अर्थ नाही, मीठ पुरे करा.

अल्कलिनिटीची किट थेंब मोजून चालते आणि पीएचच्या किटपेक्षा जास्त भरवशाची असते. तरी तिची परीक्षा घरीच घेता येते. ३ ग्रॅम खाण्याचा सोडा १ लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिली घेऊन आरओचे पाणी घालत १ लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी १० डीकेएच असायला हवी. किटने ९ किंवा ११ दाखवले, तर तेवढा फरक कायम लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

नव्या टाकीत अल्कलिनिटी घटण्याचे एक कारण सायकलमध्येच दडलेले आहे. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होते आणि ते अल्कलिनिटी खाते. अमोनियम क्लोराइड टाकून सायकल केली असेल, तर ५० पीपीएम नायट्रेट तयार होईपर्यंत सुमारे ४.५ डीकेएच खर्च होते. माशांचे खाद्य टाकून केली असेल, तर त्याच्या निम्मी. म्हणजे ८ डीकेएचने सुरू केलेली टाकी सायकल संपेपर्यंत ४ वर आली, तर घाबरण्यासारखे काही नाही. पण पीएच पडण्याचे ते खरे कारण आहे आणि ते दुरुस्त करावे लागते.

अल्कलिनिटी ७ च्या खाली असेल, तर थेट पायरी ५ कडे जा. ७ ते ९ मध्ये असेल आणि पीएच तरी कमी असेल, तर पाण्याचा दोष नाही. पुढची चाचणी करा.

पायरी ३: पेल्याची चाचणी

स्वच्छ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पेल्यात टाकीतले अर्धा लिटर पाणी घ्या. पीएच मोजून लिहा. पेला गच्चीत, बाल्कनीत किंवा अंगणात सावलीत ठेवा, एअर पंपाची नळी त्यात सोडा आणि तासभर बुडबुडे चालू द्या. पंपही बाहेरच ठेवायचा, कारण तो जिथे असतो तिथली हवा ओढतो. पंप घरात आणि पेला बाहेर, असे केले तर चाचणीला काही अर्थ राहत नाही. तासाने पुन्हा मोजा.

पीएच ०.१ हून जास्त चढला, तर टाकीत कार्बन डायऑक्साइड साठलेला आहे हे पक्के. काहीच चढला नाही, तर हवा ठीक आहे. मीटर किंवा अल्कलिनिटीच्या किटवर पुन्हा संशय घ्या.

चढला असेल, तर टाकीतले ताजे अर्धा लिटर घेऊन हीच चाचणी टाकीच्या खोलीत करा. आत केल्यावरही चढला, तर खोलीची हवा चांगली आहे पण ती टाकीच्या पाण्यापर्यंत पोहोचत नाही: पाणी पुरेसे हलत नाही. बाहेर चढला आणि आत चढला नाही, तर खोलीची हवाच कोंदट आहे. या दोन निदानांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून दुसरी चाचणी टाळू नका.

पायरी ४ अ: पाणी हलत नसेल तर

वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) थोडा वर वळवा, पृष्ठभागावर स्पष्ट लहरी दिसल्या पाहिजेत. पाणी नुसते गोल फिरते आणि वरची पातळी आरशासारखी स्थिर राहते, हे नव्या टाक्यांत फार दिसते.

वरून काचेचे झाकण बसवले असेल, तर ते काढून जाळी बसवा. मासे उडी मारून बाहेर पडण्याचा धोका जाळीनेही टळतो. धूळ मात्र थोडी जास्त येईल, बाष्पीभवनही वाढेल.

पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा आहे का, तिरक्या उजेडात पाहा. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असलेल्या घरात फोडणीच्या वाफेसोबत तेलाचे सूक्ष्म थेंब उडतात आणि पाण्यावर बसतात. या पापुद्र्याखाली हवेची देवाणघेवाण मंदावते. साधा टिश्यू पेपर पाण्यावर पसरून अलगद उचलला की बराचसा निघतो. कायमचा उपाय म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी ओढून संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) नेणारा ओव्हरफ्लो.

प्रोटीन स्किमर (बारीक बुडबुड्यांच्या फेसात घाण बाहेर काढणारे यंत्र) असेल, तर त्याची हवा ओढणारी नळी पाहा. तिच्या टोकाला मिठाचे खडे जमतात, हवा निम्म्यावर येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्यातून एकदा नळी काढून कोमट आरओच्या पाण्याने धुवा.

पायरी ४ ब: खोलीची हवाच कोंदट असेल तर

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे फार ठळकपणे कळते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, दारे-खिडक्या बंद, रात्री तीन माणसे झोपलेली: सकाळी टाकीचा पीएच ७.६. त्याच घरात खिडकीत लावलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून कूलर चालू असलेल्या दिवसांत पीएच ८ च्या आसपास राहतो. पीएचसाठी कूलर एसीपेक्षा सरस. टाकी थंड ठेवण्यात मात्र उलट, कारण ओलसर हवेत पाणी कमी उडते आणि पंख्याने टाकी थंड करण्याचा फायदा घटतो. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीत खिडक्या लावल्या की परत तोच कोंदटपणा. गॅसची शेगडी तासभर चालली तरी शेजारच्या बंद हॉलमध्ये फरक पडतो.

पहिला उपाय फुकटचा. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन लावा, टाकी बेडरूममध्ये असेल तर जमल्यास हॉलमध्ये हलवा. आठवडाभर वहीतले आकडे पाहा. अनेक घरांत विषय इथेच संपतो.

एसीशिवाय भागत नसेल, तर स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर न्या. नळी शक्य तितकी आखूड ठेवा आणि स्किमरच्या मूळ नळीपेक्षा जाड घ्या. लांब, बारीक नळीत हवा अडते आणि स्किमर फेस करायचा थांबतो. बाहेरच्या टोकाला बारीक जाळी लावा, तोंड खाली वळवा म्हणजे पावसाचे पाणी शिरणार नाही. मे महिन्यातली ४२ अंशांची हवा आत आली तर टाकी तापेल अशी भीती वाटते, पण हवेत उष्णता इतकी थोडी मावते की तापमानात फारसा फरक पडत नाही. खरा धोका धुराचा. डासांसाठी गल्लीत धूरफवारणी सुरू झाली, शेजारी रंगकाम किंवा वाळवीचे औषध चालू असले, की नळी ताबडतोब आत घ्या. ते कीटकनाशक थेट पाण्यात मिसळते.

खिडकी दूर असेल, तर सोडा लाइमचा डबा. हे पांढरे दाणे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतात. भूल देण्याच्या यंत्रांतही तेच वापरतात. डब्याच्या एका टोकाने हवा आत, दुसरे टोक स्किमरच्या हवेच्या नळीला. पीएच साधारण ०.१ ते ०.३ ने चढतो. आपल्याकडे यात एक अडचण येते: या दाण्यांना काम करायला ओलावा लागतो. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत ते वाळून जातात आणि अर्धे शिल्लक असतानाच निकामी होतात. म्हणून डब्याचे आत घेणारे तोंड खोलीत उघडे न सोडता स्किमरच्या झाकलेल्या कपाला जोडा. तीच ओलसर हवा पुन्हा फिरते, दाणे वाळत नाहीत आणि दुप्पट टिकतात म्हटले तरी चालेल, कारण आधीच साफ झालेली हवा पुन्हा येते. दाणे वापरले गेले की जांभळे होतात. पण काही वेळ पडून राहिले की रंग परत फिका पडतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. पीएच पुन्हा घसरायला लागला, की दाणे बदला.

संप असेल तर त्यातल्या एका कप्प्यात कीटोमॉर्फासारखे शेवाळ ठेवून त्यावरचा दिवा रात्री, मुख्य दिवे बंद असताना लावता येतो. त्याने पहाटेची घसरण कमी होते. पण नव्या टाकीत नायट्रेट-फॉस्फेट कमी असताना हे शेवाळ नीट धरत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्यावर भरवसा ठेवू नये.

वाळूत कोरलचा चुरा किंवा शिंपले भरल्याने पीएच वाढतो, असा सल्ला सर्रास मिळतो. पण त्यातले अरॅगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचा एक प्रकार) विरघळायला पीएच ७.७ च्याही खाली जावा लागतो. त्यावर ते नुसते पडून राहते.

पायरी ५: अल्कलिनिटी खरोखर कमी असेल तर

१०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. सोडियम कार्बोनेट वापरल्यास १.९ ग्रॅम. टाकीचे पाणी धरताना दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करा आणि संपचे पाणी मिळवा. २०० लिटरच्या टाकीत खरे पाणी १७० लिटरच्या आसपास भरते.

दोन्हींत फरक आहे. खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी वाढते, पण पीएच लगेच चढत नाही, थोडा उतरूही शकतो. सोडियम कार्बोनेटने दोन्ही वाढतात. पीएच कमी असलेल्या टाकीला कार्बोनेट बरे. बाजारातला कपडे धुण्याचा सोडा आणू नका, त्यात काय मिसळलेले असते याचा नेम नाही. घरीच करा: खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर तासभर तापवा. त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम उरले की काम झाले. ७० उरले असतील तर आणखी तापवा. बेकिंग पावडर ही वेगळी वस्तू आहे, ती चालणार नाही. ॲल्युमिनियमचे भांडेही नको.

मोजलेली पावडर अर्धा लिटर आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, वेव्हमेकरच्या जोरदार प्रवाहात, पंधरा-वीस मिनिटे घेत हळूहळू ओता. दिवसाला १ डीकेएचहून जास्त वाढवू नका. ५ वरून ८ न्यायचे असेल, तर तीन दिवस घ्या. ओतताना पांढरा ढग दिसला, तर वेग जास्त झाला. थांबा, तो विरू द्या.

पाणी बदलताना नवे मीठ कालवले की लगेच पीएच मोजून गोंधळू नका. पंप आणि हवा लावून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. आरओच्या नुसत्या पाण्याचा पीएच ६ दिसतो तोही दुर्लक्षित करा. त्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसल्याने तो आकडा पोकळ असतो. बोअरच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र आरओच्या पडद्यात अडत नाही, शुद्ध पाण्यासोबत पलीकडे येतो, म्हणून हे पाणी झाकण उघडे ठेवून बादलीत रात्रभर बुडबुड्यांवर ठेवायला हरकत नाही. बोअर किंवा टँकरचे पाणी जड असते म्हणून ते थेट टाकीत घालून पीएच वाढवण्याचा मोह टाळा. त्यासोबत नायट्रेट, सिलिकेट आणि काय काय येते, आणि महिन्याभरात काचेवर तपकिरी थर चढतो. विकतच्या जारचे पाणी घ्यायचे असेल, तर टीडीएस पेनने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या पेनने) दर वेळी तपासा; ५ पीपीएमच्या वर असेल तर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून काढूनच वापरा.

पायरी ६: चुन्याचे पाणी, आणि ते कोणासाठी नाही

कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते, वर कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही देते. म्हणून अनुभवी लोक तिचे गोडवे गातात. पण नव्या टाकीत, जिथे फक्त क्लाउनफिशची जोडी आणि कोरडे दगड आहेत, तिथे कॅल्शियम वापरणारे कोणी नसते. १०० लिटरला १ लिटर पूर्ण तीव्रतेची निवळी १.१ डीकेएच वाढवते. रोज घातली तर आठवड्यात अल्कलिनिटी १५ होईल. दगडांवर गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ पसरून अल्कलिनिटी स्वतःहून घटायला लागल्याशिवाय याकडे वळू नका. आपल्याकडे दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये आहेत, तेव्हा भारतीय समुद्रातून काढलेले जिवंत कोरल कोणी देऊ करत असेल, तर ते घेऊच नये.

गरज असेलच, तर पानाच्या डबीतला चुना नको. खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाची कोरडी पावडर आणा. पूर्ण तीव्रतेला लिटरमागे दीड ग्रॅम लागते, सुरुवात अर्ध्या ग्रॅमने करा. झाकणाच्या कॅनमध्ये आरओच्या पाण्यात टाकून एकदा हलवा, काही तास निवळू द्या, वरचे स्वच्छ पाणीच घ्या. तळाचा पांढरा गाळ टाकीत जाऊ नये. झाकण उघडे राहिले की वर साय धरते, म्हणजे चुना हवेतच वाया गेला. हे पाणी डोळ्यांसाठी घातक आहे. चष्मा, हातमोजे घाला आणि कॅन मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

रात्री, थेंबथेंब सोडा. मेडिकलमधला सलाईनचा सेट यासाठी उत्तम: साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, तेव्हा १ लिटर दहा तासांत द्यायला मिनिटाला ३३ थेंब. उडालेल्या पाण्याइतकेच द्या. संपवर खूण करून २४ तासांत किती पाणी घटले ते मोजले की तो आकडा मिळतो. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या टाकीतून पाणी दुपटीने उडते, म्हणून निवळीची तीव्रता निम्मी करा, नाहीतर चुनाही दुप्पट जाईल.

आणि लोडशेडिंग. वीज गेली की पंप थांबतो, पण सलाईनचा थेंब थांबत नाही. संपच्या एका कोपऱ्यात १२.४ पीएचचे पाणी साठत जाते आणि वीज आल्यावर ते एकदम टाकीत ढकलले जाते. रात्री वीज जाण्याची शक्यता असेल, तर क्लॅम्प बंद करूनच झोपा.

चुकून जास्त गेलेच आणि पीएच ८.६ च्या वर दिसला, तर साधा, चव किंवा साखर नसलेला सोडा वॉटर कामी येतो. लिटरमागे सुमारे दीड मिली घातल्यास पीएच ०.३ ने उतरतो. २०० लिटरला ३०० मिली. आधी निम्मा, संपमध्ये, सावकाश घाला आणि अर्ध्या तासाने मोजा.

वीज गेल्यावर

पंप आणि स्किमर थांबले की पीएच आणि ऑक्सिजन दोन्ही सोबत पडतात, आणि मासे मरतात ते ऑक्सिजन कमी पडल्याने. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीपाशी कायम चार्ज करून ठेवा. तो पाण्याच्या पातळीच्या वर बसवा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व लावा, नाहीतर बंद पडल्यावर पाणी उलटे पंपात येते. इन्व्हर्टर असेल तर हीटर आणि दिवे त्याच्यावर घालू नका. एक वेव्हमेकर पुरतो. उन्हाळ्यात पाणी २८ अंशांच्या पुढे गेलेले असेल, तर ऑक्सिजन आधीच कमी असतो, तेव्हा वीज जाताच पहिल्या पाच मिनिटांत पंप सुरू करा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका.